चूक झाली की हात वर

गुप्तेमास्तरांनी मला आयुष्यात कधी ‘अगं’ म्हटलं नाही. मी त्यांच्याकडे टायपिंग शिकायला गेले तेव्हा नुकती मॅट्रिक झालेली, दोन वेण्या घालणारी मुलगी होते आणि ते माझ्या वडिलांपेक्षाही वयाने मोठे होते. तरी पहिल्या दिवशी मी जिना चढून वर गेले, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, “या पेंडसेबाई, बसा.” मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या पाठोपाठ आई आली की काय.

त्यांच्या वर्गात सगळ्यांनाच अहो-जाहो असे. मिसरूडही न फुटलेला एक पाटील नावाचा मुलगा होता, त्यालाही “अहो पाटील”. तो बिचारा पहिले काही दिवस उत्तरच देत नसे, कारण ही हाक आपल्याला आहे हे त्याच्या लक्षातच येत नसे. मास्तरांचं म्हणणं असं, की उद्या कचेरीत तुम्हाला कोणी ‘ए सुमे’ म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर ते तुम्ही चालवून घ्यायचं नाही. “सवय आजपासून लावा,” ते म्हणत. “तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही.”

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. ठाण्यात आमच्यासारख्या घरांत मुलींनी नोकरी करावी की नाही यावर अजून जेवताना वाद होत. पण माझ्या वडिलांचा दमा असा बळावला, की आमच्या घरी तो वाद आपोआपच मिटला. आईने मला मास्तरांच्या जिन्यापर्यंत सोडलं आणि “नीट शिक हो” एवढंच म्हणून ती खालच्या खाली परत गेली.

वर्ग तलावपाळीच्या मागच्या गल्लीत, चणे-कुरमुरे भाजणाऱ्याच्या दुकानावर होता. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत पाच-सहा टाइपरायटर, मागच्या खोलीत मास्तरांचा संसार आणि मध्ये एक पडदा. खालून भाजलेल्या चण्यांचा वास यायचा आणि पडद्यामागून मास्तरांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, सोड्यांच्या खिचडीचा. मी ब्राह्मणाची, सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण साडेअकराच्या सुमारास माझ्या पोटात जे कालवायचं, ते किळस आल्यामुळे नव्हे, एवढं आता सांगायला हरकत नाही.

‘टायपिंगचा क्लास’ म्हटलेलं मास्तरांना आवडत नसे. “टायपिंग यंत्र शिकवतं,” ते म्हणायचे. “मी नोकरी शिकवतो.” आणि ते खरोखरच नोकरी शिकवत. टेबल कसं ठेवावं, उद्याचं पहिलं काम आज निघताना वर कसं काढून ठेवावं, साहेबाला प्रश्न विचारायचा तर आपलं उत्तर आधी तयार ठेवून मगच कसा विचारावा. बढती मागायची असेल तर ती सकाळी मागावी असं त्यांचं ठाम मत होतं. दुपारी साहेब जेवलेला असतो आणि जेवलेल्या माणसाला जगात सगळं ठीकठाक चाललंय असं वाटतं, हे त्याचं कारण. त्या काळात असलं काही कोणी शिकवत नसे. नोकरी लागली की माणूस आपोआप शिकतो, अशीच सगळ्यांची समजूत होती.

मास्तर स्वतः मुंबईत फोर्टातल्या एका कंपनीत बरीच वर्षं होते. नवा माणूस आला की त्याला तयार करायचं काम यांच्याकडे. तो तयार व्हायचा, वर जायचा आणि मास्तर पुढच्या नव्या माणसाची वाट बघत त्याच खुर्चीत. शेवटी त्यांनीच शिकवलेला एक मुलगा त्यांचा साहेब झाला आणि त्याने यांना ‘गुप्ते’ अशी नुसत्या आडनावाने हाक मारली. मास्तरांनी महिन्याभरात नोकरी सोडली. ही गोष्ट ते हसून सांगत, पण सांगताना अडकित्त्यात धरलेली सुपारी कातरायची राहून जाई.

त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. कचेरीनेच आपल्या माणसांना शिकवलं पाहिजे. नुसतं नव्यांना नव्हे, जुन्यांनाही. त्यासाठी एक शिकवणारा कचेरीत मानाने नेमला पाहिजे, त्याला टेबल-खुर्ची दिली पाहिजे. तो शिकवणारा कोण, हे ते बोलत नसत, पण आम्हाला कळत असे. ठाण्यातल्या, भांडुपच्या, थेट कल्याणपर्यंतच्या कारखान्यांत ते कोट-टोपी घालून जात, मॅनेजरला भेटत आणि परत येत. काकू न विचारता पाण्याचा तांब्या पुढे ठेवत.

त्यांचा कान हे आमच्या वर्गातलं आश्चर्य होतं. ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसत आणि सुपारी कातरत. आम्ही मागे धाडधाड बडवत असू. मध्येच ते न वळता म्हणत, “अहो पाटील, तुमची डावी करंगळी झोपलीय. ‘ए’ उमटत नाही.” पाटील वाकून बघे, तर खरोखरच ‘ए’ फिकट. कोणाचं बोट शेजारच्या बटणावर घसरलं, कोणी उगाच दोनदा दाबलं, सगळं त्यांना पाठमोरं कळायचं. आम्हाला बटणं दिसू नयेत म्हणून प्रत्येक यंत्रावर काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला असे. त्याला आम्ही पदर म्हणायचो. पदराखाली हात घालायचे आणि मास्तर लाकडी रुळाने खिडकीच्या चौकटीवर ताल देत, त्या तालावर बोटं चालवायची. घाई केलेली त्यांना खपत नसे. “घाई साहेबाला असू दे. बोटांना नको.”

कागदाची टंचाई होती. म्हणून सरावाला एकच कागद पुन्हा पुन्हा वापरायचा, उलटा, सुलटा, आडवा, जोवर तो काळाकुट्ट होत नाही तोवर. त्याला नावच होतं काळा कागद. त्यावर काय छापलं गेलं हे ब्रह्मदेवालाही वाचता आलं नसतं. स्वच्छ कागद मिळे तो थेट परीक्षेच्या आधी. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. “कागद बघून काय करायचं? तिथे चूक होऊन गेलेली असते. चूक होताना धरली पाहिजे.” आणि ती ते धरत, कानाने. हे काळ्या कागदाचं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

शनिवारी टायपिंग बंद. शनिवारी मास्तर साहेब होत. काळा कोट, काळी टोपी, समोर टेबल. आम्ही एकेकाने दार वाजवून आत जायचं, कामाचं बोलायचं आणि खुर्चीचा आवाज न करता बाहेर यायचं. कधी ते तापट साहेब होत, कधी विसराळू, कधी नुसते गोड हसून काहीच न करणारे. “हा सगळ्यांत वाईट,” ते नंतर टोपी काढून समजावत. “तापट साहेबाकडून काम होतं. या गोड्यापासून सांभाळा.” इतके साहेब त्यांनी कधी जवळून पाहिले कोण जाणे. मला तर पुढे नोकरीत जे जे साहेब भेटले, त्या सगळ्यांशी आपली आधीच ओळख आहे असं वाटायचं.

नलू सावंत याच शनिवारांमुळे सगळ्यांच्या लक्षात राहिली. ती कल्याणहून यायची. वडील वारलेले, धाकटी भावंडं, मूळ गाव मालवणाकडचं. स्वभाव असा, की घाबरली की हसायची. साहेबासमोर उभी राहिली रे राहिली की हिचं खीखी सुरू. तिला मुंबईत दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावून हसल्याबद्दल परत पाठवलं होतं. मास्तरांनी तिला शनिवारमागून शनिवार उभं केलं. एकदाही रागावले नाहीत. “सावंतबाई, हसू येतंय? येऊ द्या. अंगठा मुठीत धरा आणि मला तुमचं नाव सांगा.” असं करत करत एका शनिवारी तिने न हसता नाव, शिक्षण, टायपिंगचा वेग सगळं सांगितलं, खुर्चीचा आवाज न करता ती बाहेर गेली आणि जिन्यावर बसून रडली. मास्तर आत काकूंना म्हणाले, “आज गोड काहीतरी करा.”

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. मला ती सांगायला आवडत नाही.

एके दिवशी सकाळी पाटील यंत्रावर होता. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजते, मग यंत्राचा रूळ ढकलून पुढच्या ओळीवर यायचं. घंटी वाजली. पाटील आपल्याच नादात होता, तो पुढे बडवतच राहिला. ओळीच्या टोकाशी यंत्र अडतं आणि एकाच जागी अक्षरावर अक्षर ठेचत राहतं, त्याचा आवाज इतका वाईट असतो की खालच्या चणेवाल्यालासुद्धा कळावं. मास्तर वळले नाहीत. आम्ही थांबलो. एकेक करून सगळी यंत्रं बंद पडली. पाटीलही थांबला. खोलीत कसलाही आवाज नव्हता आणि खिडकीशी पाठमोरे बसलेले मास्तर चौकटीवर रुळाने ताल देत होते. टक, टक, टक. मध्येच मान डोलावून म्हणाले, “छान. ताल छान आहे.”

मला ते वाक्य आजही ऐकू येतं. आम्ही कोणी कोणाकडे बघितलं नाही. नलूने पदराखाली हात घातला आणि तालावर टाइप करायला सुरुवात केली. मग मी केली. मग सगळ्यांनी.

जिना उतरल्यावर नलू म्हणाली, “माझ्या आजोबांचं असंच झालेलं. आधी ते लोकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मास्तर पण बघतात, महिनाभर तरी झाला. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“मग आता?” पाटलाने विचारलं.

“आता काय? त्यांना ऐकू येत नाही तर आपण दाखवायचं. चूक झाली की हात वर करायचा. त्यांना विचारायला नको, सांगायला नको. वर्ग बंद पडला तर जातील कुठे ते?”

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. मास्तर रूळ घेऊन बसले, नलूची चूक झाली, तिने हात वर केला आणि तो तसाच धरून ठेवला. मास्तरांना खिडकीच्या काचेत काहीतरी हललेलं दिसलं असावं. ते वळले.

“काय सावंतबाई?”

“चूक झाली, मास्तर. एसच्या जागी डी पडला.”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग दुपारपर्यंत माझा हात गेला, पाटलाचा तर पुन्हा पुन्हा गेला. त्यानंतर मास्तरांनी आपली खुर्ची फिरवली आणि ते आमच्याकडे तोंड करून बसू लागले. काकूंनी पडद्याआडून हे सगळं पाहिलं होतं. त्या दिवशी निघताना त्यांनी नलूला आत बोलावून वाटीभर खिचडी दिली आणि हळूच म्हणाल्या, “बरं केलंस गं बाई.”

आणि गंमत अशी, की आमचं टायपिंग सुधारलं. आपली चूक आपणच ओळखायची म्हटल्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्या वर्षीचा आमचा निकाल फार चांगला लागला. मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. कान कमी झालाय हे त्यांना स्वतःला ठाऊक असणारच, पण ते त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं आणि लपलं असं त्यांना वाटत होतं. हात वर करण्याची मात्र त्यांनी आपल्या मनाशी वेगळीच संगती लावली. एका शनिवारी टोपी काढून ते म्हणाले, “इतकी वर्षं मी चुका शोधत बसलो. आता विद्यार्थी आपण होऊन दाखवतो. म्हणजे माझं शिकवणं कुठेतरी पोचलं.” आम्ही माना डोलावल्या. दुसरं काय करणार होतो? त्यांना ती आपली पद्धत वाटू लागली. नवीन मुलं आली की ते पहिल्याच दिवशी सांगत, चूक झाली की हात वर. आणि मुलं करत, कारण जुनी करत होती.

पुढे नलूला मुंबईत नोकरी लागली. पाटील कुठेतरी चिकटला. मी वर्गातच नव्या मुलींना शिकवू लागले, मास्तरांच्या हाताखाली. आणि तेव्हा ते झालं, ज्याची मास्तर इतकी वर्षं वाट बघत होते. ठाण्याच्या खाडीकडच्या एका गिरणीच्या मॅनेजरने त्यांना बोलावलं. गिरणीच्या कचेरीतले जुने कारकून दोन बोटांनी टाइप करत, पत्रं चुकत, ती परत येत. मास्तरांनी त्यांना कामाच्या वेळेनंतर काही आठवडे शिकवावं, मग मॅनेजर स्वतः बघतील, आणि जमलं तर मास्तरांना कायमचं नेमतील. टेबल-खुर्चीसकट.

त्या दिवशी मास्तर घरी आले ते तांब्याकडे न बघता थेट देवाच्या फळीशी गेले. काकू आनंदल्या, पण मला पडद्याआड ओढून म्हणाल्या, “तू जा हो त्यांच्याबरोबर. सोडू नकोस एकट्याला.” मी यंत्र कसं न बघता चालवायचं ते दाखवायला म्हणून गेले.

गिरणीतले कारकून चाळिशी-पंचेचाळिशीचे होते. धोतर, कोट, टोप्या, खिशात पानाचे डबे. मास्तरांनी त्यांनाही अहो-जाहो केलं, यंत्रांवर पदर बांधले, रूळ हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, “चूक झाली की हात वर.” कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचे हेडक्लार्क दाराशी उभे होते.

एकही हात वर झाला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मला ऐकू येत होतं, एकमेकांत अडकलेल्या अक्षरांच्या काड्या, घसरलेली बोटं, टोकाशी ठेचणारी यंत्रं. कोपऱ्यातला एक जण तर मुठीने बटणं बडवून शेजाऱ्याला डोळा मारायचा. त्यांना मास्तरांचं वर्म कळलं होतं. आणि मास्तर समोर बसून, रुळाने ताल देत, एकही हात वर नाही हे बघून प्रसन्न होत होते. सवयीप्रमाणे काळा कागदच चालू होता, त्यामुळे वाचण्यासारखं समोर काहीच नव्हतं. टांग्यातून परत येताना ते म्हणत, “अनुभवी माणसं आहेत. चुका संपतच आल्यात, पाहिलंत ना?”

ज्या माणसाने आम्हाला साहेबांचे सगळे प्रकार करून दाखवले, त्याला एवढं कळू नये, की पोटापाण्याच्या जागी, हेडक्लार्कच्या देखत, कोणी हात वर करून ‘मी चुकलो’ म्हणत नाही? मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यांना ते कळलं असतं, जर आमचे हात मध्ये आले नसते. आमच्या हातांवर त्यांचा विश्वास बसला होता.

मी एकदा टांग्यात सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, “मास्तर, एकदा स्वच्छ कागद देऊन बघू या का?” ते म्हणाले, “देणारच आहे. मॅनेजरसाहेब येतील त्या दिवशी.” त्यांचा चेहरा इतका खुशीत होता, की माझी जीभ पुढे रेटेना.

मॅनेजर आले. भला माणूस होता तो. सगळ्यांना कोरे कागद दिले, एकच पत्र सगळ्यांना टाइप करायला दिलं. मास्तरांनी ताल दिला. मॅनेजर कारकुनांच्या मागून फिरत होते आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मास्तर मान डोलावत म्हणाले, “छान. ताल छान आहे.” कोपऱ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं.

मॅनेजरनी पहिला कागद यंत्रातून काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो वाचला. मग उठून त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला, चष्मा वर करून प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. घाई केली नाही. सगळे वाचून झाल्यावर कागदांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि कारकुनांना विचारलं, “आपण हात वर का केले नाहीत?”

हेडक्लार्क म्हणाले, “मास्तर, साहेबांना चूक दाखवून पोटावर पाय कोण देऊन घेईल?”

त्यांच्या मिशा दाट होत्या. मास्तरांना ओठ दिसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “काय म्हणाले, पेंडसेबाई?”

सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तेच वाक्य, सावकाश, ओठ नीट हलवून, त्यांना सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. “बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. मग त्यांनी एकेका यंत्रावरचा पदर सोडला, घडी केली, माझ्याजवळ दिला आणि मॅनेजरना नमस्कार केला. मॅनेजर काहीतरी समजुतीचं बोलत होते. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

टांगा तलावाच्या कडेने चालला होता. मास्तरांनी रूळ मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, “आपल्या वर्गात हात वर करायला कोणी सुरुवात केली?”

मी सांगितलं. त्यांना खोटं सांगणं मला जमलं नसतं, आणि त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. पाटलाची घंटी, बंद पडलेली यंत्रं, जिन्याखाली नलू काय बोलली ते सगळं. शेवटपर्यंत ऐकून घ्यावं तसे ते बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. ते रडले नाहीत.

“सावंतबाईंना सांगू नका,” ते म्हणाले. “मला कळलं म्हणून. पोरीने फार मायेने केलंय ते.”

पोरीने, असं म्हणाले. माझ्या ऐकिवात नलूला त्यांनी बाई सोडून दुसरं काही म्हटल्याची ती एकच वेळ.

वर्ग त्यानंतर फार दिवस चालला नाही. नवी मुलं हात वर करत आणि मास्तर “ठीक, ठीक” म्हणत, पण त्यांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली होती. यंत्रं एकेक करून गेली. मास्तर आणि काकू डोंबिवलीला पुतण्याकडे राहायला गेले. मला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि उद्याचं पहिलं काम वर काढून ठेवत मी तिथे वर्षं काढू लागले.

नलू आपल्या कचेरीत टायपिस्टांच्या विभागाची प्रमुख झाली, तेव्हा मला म्हणाली, “सुमे, मास्तरांना सांगायला जाऊ या.” आम्ही रविवारी गेलो. तेव्हा डोंबिवलीत स्टेशन सोडून जरा पुढे गेलं की भातखाचरं लागत, मध्ये एखादी बैठी चाळ आणि पाण्याला विहीर. पुतण्याचं घर अशा एका टोकाला होतं. काकू थकल्या होत्या. मास्तर ओसरीवर बसले होते, समोर बुटक्या टेबलावर एकच टाइपरायटर, त्याच्यावर पदर. तेवढा त्यांनी विकला नव्हता.

नलूने पेढे पुढे केले, त्यांच्यासमोर उकिडवी बसून तोंड भरून सांगितलं. त्यांना कळलं. “सकाळी मागितलीत ना बढती?” त्यांनी विचारलं. नलू हसायला लागली आणि हसता हसता तिने अंगठा मुठीत धरला. तिच्या हाताखाली आता मुली होत्या, ती त्यांना अहो-जाहो करते, शनिवारी त्यांच्यासाठी साहेब बनते, असं सगळं ती सांगत सुटली. “आणि मास्तर, माझ्याकडे पण चूक झाली की हात वर. कुणाला ओरडत नाही मी. म्हणून करतात.”

मास्तर ऐकत होते, म्हणजे बघत होते. मग त्यांनी यंत्र तिच्यापुढे सरकवलं. ती पदराखाली हात घालून बसली. यंत्राचे ठोके हाताला कळावेत म्हणून मास्तरांनी एक तळवा टेबलावर पालथा, घट्ट टेकवला, आणि दुसऱ्या हाताने ताल दिला. नलू टाइप करत गेली आणि मध्येच तिने हात वर केला. मला खात्री आहे, तिची चूक झाली नव्हती. तिचा वेग मी ओळखते. तिने तो त्यांच्यासाठी केला होता.

“शाबास, सावंतबाई,” मास्तर म्हणाले. “आपली पद्धत टिकवलीत.” आणि तिच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

निघताना नलू पुढे झाली आणि कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी ओसरीखाली चपला घालत होते. मास्तर वाकले, माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजले, “अजून सांगितलं नाहीत ना सावंतबाईंना? मला कळलं होतं म्हणून?”

पण ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही त्याला कुजबुजता येत नाही. तो आवाज ओसरीभर घुमला. विहिरीवर कपडे धुणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. फाटकाची कडी काढता काढता नलूचा हात थांबला. ती आमच्याकडे पाठ करून तशीच उभी राहिली.

मी मास्तरांकडे बघून मान हलवली. नाही, नाही सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते खांबाला धरून उभे राहिले.

नलूने कडी काढली. मग ती वळली. तिने अंगठा मुठीत धरला होता, मला दिसत होता. ओठ नीट हलवून, त्यांना दिसेल असं, ती म्हणाली, “येते मास्तर.” आणि अगदी मघासारखीच हसली. मास्तरही हसले. माझ्या डोळ्यांसमोर ते राहिले आहेत ते असे, खांबाला धरून उभे, आपण काहीतरी नीट सांभाळलं याचं समाधान चेहऱ्यावर असलेले. पावसाळ्यानंतर काकूंचं पत्र आलं, तेव्हा ते गेले होते.

त्या दिवशी स्टेशनपर्यंत नलू माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. फलाटावर आल्यावर तिने विचारलं, “कधी कळलं त्यांना?”

“गिरणीतून परतताना,” मी म्हटलं.

तिने मूठ उघडली, अंगठ्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसले. गाडीला अजून वेळ होता.